सनोबर खालाची झारी

सनोबर खालाकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं, ते तिनं माझ्या सायकलच्या मागच्या चाकावर पाणी ओतलं तेव्हा.

संध्याकाळचे पाच वाजले होते. छावणीच्या फाटकावरचं माझं काम आटोपलं होतं. नावांची वही पहारेकऱ्यांच्या खोलीत ठेवून मी सायकलवर टांग टाकली. दहा हात गेलो नसेन, तोच मागे सपकन आवाज झाला आणि माझ्या पायजम्याची कड भिजली. वळून पाहिलं, तर बायकांच्या झडतीच्या खोलीबाहेर एक बुटकी, रुंद हाडाची बाई हातात झारी घेऊन उभी होती.

“हे काय हो?” मी विचारलं.

“काय म्हणजे? जाणाऱ्याच्या मागे पाणी टाकलं की तो परत येतो. जन्मभर पोरांना शिकवलंत आणि एवढं ठाऊक नाही?”

“ठाऊक आहे. पण ते घरच्या माणसानं टाकायचं असतं.”

“घरी आहे का कोणी टाकायला?”

 माझी बायको त्याच हिवाळ्यात गेली होती. चौतीस वर्षं मी शाळेला निघालो की ती उंबऱ्यावरून तांब्याभर पाणी टाकायची. ते इतकं रोजचं होतं, की ती गेल्यावर दारापुढची जागा कोरडी राहते हेसुद्धा मला दोन महिन्यांनी कळलं. या बाईला माझ्या घरचं कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

“उद्या वेळेवर या,” ती म्हणाली. “पाणी वाया घालवायची सवय नाही मला.”

शाळेतून निवृत्त झाल्यावर मला घरात बसवत नव्हतं, म्हणून मी फाटकावर नावं लिहायचं काम धरलं होतं. छावणी परदेशी फौजेची. आमच्या द्राक्षमळ्यांच्या मधोमध, मातीनं भरलेल्या जाळीच्या पोत्यांची दोन माणूस उंच भिंत, आणि वर दोराला बांधलेला एक मोठा पांढरा फुगा. फुग्याला कॅमेरा होता. तो आल्यापासून आमच्या बायकांनी उन्हाळ्यात गच्चीवर झोपणं सोडलं. मजूर मात्र त्याची थट्टा करायचे. कोणी काम टाकून सावलीत बसला की दुसरा ओरडायचा, “अरे ऊठ, फुगा बघतोय, तुझ्या सासऱ्याला कळवेल!”

सकाळी सहाला दीडशे मजूर रांगेत उभे राहत. मी नाव लिहायचो, अंगठा घ्यायचो, मग त्यांची झडती, मग आत. कोणी खंदक खणायला, कोणी संडास धुवायला, कोणी पोती भरायला. सोमवारी आणि गुरुवारी आतल्या दवाखान्यात गावातल्या बायकामुलांना तपासत, तेव्हा बुरख्यांची वेगळी रांग लागायची. त्या बायकांची झडती सनोबर खाला घ्यायची. प्लायवूडची एक खोली, दाराला पडदा, आत एक बाक आणि तिची ती अॅल्युमिनियमची झारी. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान होती, तरी मीही तिला खालाच म्हणायचो. छावणीत ती सगळ्यांचीच मावशी होती.

झडतीचं काम तिनं आपल्या पद्धतीनं बसवलं होतं. आधी मुलाच्या डोक्यावर हात, मग आईची चौकशी, आणि त्या बोलण्याच्या ओघात हात पाठीवरून, कमरेवरून फिरून जायचा. बाईला वाटायचं, खालानं जवळ घेतलं. नियमाप्रमाणे तिच्यासोबत एक परदेशी शिपाई मुलगी उभी असायची. हॅना तिचं नाव. खाला तिला हिना म्हणायची. बाविशीची, ठिपक्याठिपक्यांच्या तोंडाची, आणि इतकी उंच की दारातून वाकून यावं लागायचं.

“हिचं लग्न कसं व्हायचं, मुअल्लिमसाहेब?” खाला पडद्याआडून मला विचारायची. मुअल्लिम म्हणजे शिक्षक. निवृत्त झालो तरी माझं तेच नाव राहिलं होतं. “नवऱ्याला अंगठी घालायला शिडी लागेल!”

हॅना विचारायची, काय म्हणाली? दुभाषा जमशेद जवळ असला तर सांगायचा. मग ती मुलगी हसत सुटायची आणि खालाच्या डोक्यावर आपली हनुवटी टेकवून दाखवायची. आमच्या बोलीतली तीनच वाक्यं तिला येत होती. ‘सलाम, खाला.’ ‘हात वर करा.’ आणि तिसरं खालानं शिकवलेलं, ‘रडू नको रे बाळा.’ दवाखान्याच्या रांगेतली मुलं हे तिसरं वाक्य त्या उंच, शिरस्त्राण घातलेल्या बाईच्या तोंडून ऐकून आणखी जोरात रडायची.

रोज आठच्या सुमाराला गाड्यांचा ताफा बाहेर पडायचा. चार-पाच जाडजूड गाड्या, अंगावर तोफा, आत ती परदेशी पोरं. फाटकाचा दांडा वर गेला की खाला झारी घेऊन बाहेर यायची आणि शेवटच्या गाडीच्या मागे रस्त्यावर पाणी सोडायची. सुरुवातीला मनोऱ्यावरचा शिपाई ओरडला होता, मग त्याला सवय झाली. रहीमदाद नावाचा एक तोंडाळ मजूर होता. तो म्हणायचा, “खाला, त्यांच्या मागे झारीभर, आणि आमच्या मागे थेंबही नाही?”

“तू जातोस कुठे मेल्या? इथून खंदकात आणि खंदकातून जेवायला. तुझ्यावर पाणी टाकलं तर चिखलच व्हायचा.”

गावात मात्र सगळे हसत नव्हते. परक्यांसाठी पाणी टाकते म्हणून लोक तिला टोचून बोलत. ती म्हणायची, “यांच्या आयांना कुठे ठाऊक आहे पाणी टाकायचं असतं ते? आणि ठाऊक असतं तरी इतक्या लांबून कसं टाकणार?”

एकदा चहा पिताना तिनं मला आणि हॅनाला आपल्या नवऱ्याची गोष्ट सांगितली. तो गाढवावरून द्राक्षं न्यायचा. तिचे हिवाळी बूट त्यानं न विचारता आपल्या बहिणीला देऊन टाकले. त्यावरून भांडण झालं आणि तो निघाला तेव्हा ती पाठ फिरवून बसून राहिली. पाणी टाकलं नाही. तेव्हा आधीची लढाई चालू होती. तो परत आला नाही, गाढवही आलं नाही. त्याला तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती. “तेव्हापासून कोणी कोरडा जात नाही माझ्या समोरून,” ती म्हणाली. “माझा मुलगा इद्रिस दर वसंतात इराणला कामाला जातो. दर हिवाळ्यात येतो. का येतो?” आणि तिनं झारीवर टिचकी मारली.

जमशेदनं हॅनाला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ताफा निघाला तेव्हा तिनं स्वतः खालाच्या हातात झारी आणून दिली. बाकीची पथकं दर काही महिन्यांनी बदलत. त्या पाण्याचा अर्थ हॅनाएवढा नीट त्यांच्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हता.

तो गुरुवार द्राक्षं उतरवण्याच्या दिवसांतला होता. दवाखान्याची रांग लांब होती. ताफ्याला कुठल्याशा गावात बायकांशी बोलायचं होतं, म्हणून त्या दिवशी हॅनालाही सोबत घेतलं. ती तिसऱ्या गाडीत बसली. मी वहीत डोकं घालून होतो. दांडा वर गेल्याचा आवाज आला, गाड्या निघाल्या, आणि मग पडद्यातून खाला धावत बाहेर आली. हातात झारी होती, पण ती उलटी लोंबत होती. रिकामी.

मी हसलो. ते हसणं मला अजून आठवतं. “काय खाला, आज दुष्काळ?”

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “थांबवा त्यांना!” ती पहारेकऱ्याला म्हणाली. “दोन क्षण थांबवा! मी नळावरून आणते!” पहारेकरी दांडा खाली घेत होता. ती दांड्याखालून वाकून रस्त्यावर गेली आणि गाड्यांच्या मागे धावू लागली, बुरखा मागे उडालेला, हात वर केलेला. तिसऱ्या गाडीच्या काचेतून हॅनानं तिला हात केला. धुळीत गाड्या दिसेनाशा झाल्या. खाला परत आली ती चुन्यासारखी पांढरी होऊन. आत जाऊन बाकावर बसली. रांग थांबली.

दहाला काही मिनिटं होती. मी पेनात शाई भरत होतो. आवाज आधी पायांना कळला, मग कानांना. दौत टेबलावरून पडली. द्राक्षमळ्यांच्या पलीकडे काळा धूर सरळ वर चढत होता.  दीडशे माणसं तिथं होती आणि मला फक्त दवाखान्याच्या रांगेतल्या एका बाळाच्या उचक्या ऐकू येत होत्या.

दुपारपर्यंत कळलं. रस्त्यात पुरलेला बॉम्ब होता. दोन गाड्या त्याच्यावरून सुखरूप गेल्या, तिसरी उडाली. चौघं गेले. हॅना त्यांतली एक.

फाटक बंद झालं. बायकांना आधीच घरी पिटाळलं होतं. आम्हा कामगारांना आतल्या पटांगणात उन्हात बसवलं. दुसऱ्या छावणीतून एक अधिकारी हेलिकॉप्टरनं आला होता. लाल भुवया, नाकावर बारीक चष्मा. जमशेद त्याच्या शेजारी उभा राहून सांगत होता, “कोणाला काही माहीत असेल तर आत्ता सांगा. नंतर कळलं तर वाईट होईल.”

आम्ही जमिनीकडे बघत होतो. तेव्हा सनोबर खाला उठून उभी राहिली.

“दोष माझा आहे,” ती म्हणाली. “माझ्यामुळे मेली ती पोरं.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. रहीमदादनं तिच्या ओढणीचं टोक ओढलं, “खाला, बस खाली, वेड लागलं का?” तिनं ओढणी सोडवून घेतली. जमशेदचं तोंड उघडंच राहिलं होतं. अधिकाऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं. आणि जमशेदनं, जसंच्या तसं, ते वाक्य त्यांच्या भाषेत सांगितलं.

पुढचं एका मिनिटात झालं. तिचे हात प्लास्टिकच्या पट्टीनं मागे बांधले, डोळ्यांवर पट्टी, आणि दोन शिपाई तिला घेऊन गेले. तिची एक चप्पल पटांगणातच राहिली. मी ती उचलली आणि हातात धरून कितीतरी वेळ तसाच उभा होतो. चौतीस वर्षं शिकवलं, वर्गात किती मुलांनी किती कबुल्या दिल्या, खऱ्या आणि खोट्या. अशी कबुली मी ऐकली नव्हती.

संध्याकाळी मी जमशेदला गाठलं. “तू असं कसं सांगितलंस? तुला ठाऊक आहे ती कशाबद्दल बोलत होती!”

“जे बोलेल तेवढंच सांगायचं, मुअल्लिमसाहेब. आपलं एक अक्षर घालायचं नाही. तसा कागद लिहून दिलाय मी.” त्यानं इकडेतिकडे पाहिलं. “घातलं असतं तर मलाही बांधलं असतं.”

काबूलकडचा चोवीस वर्षांचा मुलगा तो. मी त्याला आणखी काय बोलणार?

तीन दिवसांनी फाटक उघडलं. मी अधिकाऱ्याची भेट मागितली. पाण्याची रीत समजावून सांगितली, बायकोचीसुद्धा सांगितली. जमशेद अक्षर न वाढवता सांगत होता. अधिकारी उद्धट नव्हता. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि संगणकाच्या पडद्यावर मला फुग्यावरून काढलेली चित्रं दाखवली. वरून खाला मुंगीएवढी दिसत होती.

“गेले चार महिने,” तो म्हणाला, “ही बाई प्रत्येक ताफ्यामागे पाणी टाकते. एकही दिवस चुकत नाही. फक्त त्या दिवशी टाकत नाही. त्या दिवशी ती ताफ्याच्या मागे धावते, त्यांना थांबवा म्हणते. पहारेकऱ्यानं तसं सांगितलंय. आणि नंतर स्वतःच कबूल करते. तुम्ही शिक्षक आहात. तुम्ही काय समजला असता?”

 त्याच्या जागी मी असतो, तर मीही तेच समजलो असतो.

“ती जरा सावरल्यावर तुम्ही विचारलंत का, पाणी का नव्हतं?”

“विचारलं. ती एवढंच म्हणते, पाणी असायला हवं होतं. दोष माझा. रडते.” त्यानं कागद बंद केला. “शनिवारी हेलिकॉप्टर येईल. तिला मोठ्या तुरुंगात पाठवणार आहोत.”

आमच्या शेजारच्या गावातला एक जण त्या तुरुंगात गेला होता. चार वर्षांनी सुटला, तेही काही सिद्ध झालं नाही म्हणून. हातात सहा दिवस होते.

परत येताना मी झडतीच्या खोलीत डोकावलो. गुरुवारपासून तिथं कोणी गेलं नव्हतं. प्लायवूडच्या जमिनीवर पाणी वाळल्याचा मोठा डाग होता आणि बाकाखाली लहान बाळाची लाल टोपी पडली होती. निळे मणी शिवलेली, कडेला ताईत. ती भिजून वाळल्यासारखी कडक झाली होती. म्हणजे झारी इथं रिकामी झाली होती, खोलीच्या आत, कुठल्यातरी बाळावर. फुग्याला ते दिसणं शक्यच नव्हतं.

मी वही काढली. आमच्याकडे बाई परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगत नाही, त्यामुळे त्या पानावर चौदा ओळी होत्या आणि एकही नाव नव्हतं. अमक्याची आई, तमक्याची आई. शेजारी गाव आणि दुखणं. ‘बाळाला ताप’ असं तीन ठिकाणी होतं. टोपी खिशात घातली आणि सायकल काढली.

पहिल्या घरी बाळाची टोपी बाळाच्या डोक्यावर होती. दुसऱ्या घरच्यांनी माझ्यावर कुत्रा सोडला. तिसरं घर सुर्खबाग गावात, कड्याखाली. वहीत ‘यासीनची आई’. दारात यासीनचा बाप आला. मी टोपी दाखवताच त्याचे डोळे बदलले, पण तो म्हणाला, “आमची नाही.”

“तुमच्या बाळावर ज्या बाईनं पाणी ओतलं, तिला तुरुंगात नेतायत. तुमच्या बायकोनं फक्त एवढं सांगायचं, की पाणी बाळासाठी गेलं.”

“माझी बायको परदेशी माणसांपुढे उभी राहणार नाही. आणि राहिली, तर ज्यांनी बॉम्ब पुरला ते माझ्या दारात येतील. जा मुअल्लिमसाहेब. तुमचा मान राखून सांगतो, जा.”

तो चुकीचं बोलत नव्हता. मी सायकल वळवली. तेवढ्यात आतून एक म्हातारा, खरखरीत आवाज आला, “कोण आलंय? झारीवाल्या बाईचं कोण?”

यासीनची आजी होती. काठी टेकत बाहेर आली, माझ्या हातातली टोपी हिसकावून घेतली. “आमची नाही म्हणे! हे मणी मी शिवलेत, माझे डोळे गेले यात!” मग मुलाकडे वळली. “पोराला झटका आला तेव्हा तू कुठे होतास? मी आणि सूनबाई होतो. डोळे फिरवले होते त्यानं. त्या बाईनं सगळी झारी डोक्यावर ओतली तेव्हा श्वास घेतला. आणि तू टोपी आमची नाही म्हणतोस?”

“अम्मा, ते लोक...”

“ते लोक मला काय करणार? मी उद्या मरायची ते आज मरेन. गाढव आण.”

बुधवारी सकाळी ती बाळाला मांडीवर घेऊन गाढवावर बसली, मी पुढे चालत होतो. फुगा दिसायला लागल्यावर तिनं विचारलं, “त्याला माझं तोंड दिसतं का रे?”

“दिसत असेल, अम्मा.”

“बघू दे. घाबरून खाली पडेल.”

खालाला त्या खोलीत आणलं तेव्हा मी तिला ओळखलं नाही. सहा दिवसांत ती वाळून गेली होती. मनगटांवर पट्टीचे काळे वळ होते. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, अधिकाऱ्याकडे पाहिलं नाही. सरळ म्हातारीजवळ गेली, बाळाच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, “ताप उतरला?”

“उतरला बाई. आता दात येतायत, चावतो मेला.”

जमशेदनं तेही भाषांतर केलं. म्हातारीनं सगळं सांगितलं, झटका, पाणी, टोपी. अधिकारी लिहून घेत होता. मग त्यानं खालाला विचारलं, “हे खरं आहे? झारी या बाळासाठी रिकामी झाली?”

“हो.”

“मग तुम्ही दोष माझा असं का म्हणालात?”

आता सुटली, मला वाटलं. आता फक्त नाही म्हणायचं होतं.

“कारण तो माझाच आहे,” खाला म्हणाली. “बाळ आजारी पडणार हे मला ठाऊक नसेल, पण ताफा रोज निघतो हे तर ठाऊक होतं. मी दोन झाऱ्या ठेवायला हव्या होत्या. माझ्यामुळे माझा नवरा गेला, माझ्यामुळे हिना गेली.”

  जमशेद तिच्याकडे बघत होता. त्यानं सांगायला सुरुवात केली, पहिलं वाक्य सांगितलं, दुसरं सांगितलं, आणि थांबला. थंड हवेच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. मग तो पुन्हा बोलू लागला, आणि मला परदेशी भाषा येत नसली तरी कळलं, की हे खालाचं बोलणं नाही. त्याचा आवाज चढला होता. बोलता बोलता त्यानं हातानं पाणी ओतल्यासारखं केलं, दोनदा.

अधिकाऱ्यानं त्याला काहीतरी करड्या सुरात विचारलं. जमशेद ताठ उभा राहिला आणि उत्तर दिलं.

ते उत्तर त्यानं मला नंतर सांगितलं. त्यानं म्हटलं होतं, “साहेब, हे मी माझ्या मनानं घातलं. मी निघालो तेव्हा माझ्या आईनंही पाणी टाकलं होतं. काही विपरीत झालं तर आमच्याकडच्या बायका हेच म्हणतात. ही कबुली नाही. हा शोक आहे.”

अधिकाऱ्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.  आम्हाला बाहेर जायला सांगितलं.

शुक्रवारी दुपारी खालाला सोडलं, हेलिकॉप्टरच्या आदल्या दिवशी. माफी कोणी मागितली नाही. झडतीचं काम गेलं. जमशेदलाही काढून टाकलं. एका प्लास्टिकच्या पिशवीत तिचं सामान दिलं: रुमाल, जपमाळ, वाळलेल्या तुतींची पुडी. मी तिची चप्पल आणली होती, ती तिनं पायात घातली. झारी पिशवीत नव्हती. तिला नंबर लावून पुरावा म्हणून ठेवली होती, ती कधीच परत मिळाली नाही.

ती फाटकातून निघाली तेव्हा रहीमदादनं पाण्याची बाटली उघडली आणि तिच्या मागे ओतायला हात वर केला.

“टाकलंस तर बघ!” खाला गर्रकन वळली. “मला इथं परत यायचं नाही!”

सगळे हसले. तीही हसली, अर्धं. मग तिथंच रस्त्याकडेला खाली बसली आणि तोंडावर ओढणी घेतली. मी सायकल धरून उभा राहिलो. ओढणीआडूनच ती म्हणाली, “मुअल्लिमसाहेब, हिनाच्या आईला कोणी कळवलं का?”

“ती गेली हे कळवलं असेलच.”

“ते नाही. पाणी राहिलं होतं, हे. तुमचं अक्षर चांगलं आहे. मला लिहून द्या.”

मी शिक्षकासारखं समजावलं. बॉम्ब आदल्या दिवशीच पुरलेला होता, खाला. पाण्यानं बॉम्ब विझत नाही. तुम्ही एक बाळ वाचवलंत. तिनं सगळं ऐकून घेतलं. “बाळ वाचलं ते खरं,” ती म्हणाली. “पण घोटभर पाणी राखता आलं असतं.”  मी ती सांगेल तसं पत्र लिहिलं. काबूलला जाताना जमशेदनं ते नेलं. पुढे काय झालं, मला कळलं नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. परदेशी फौज गेली, फुगा उतरवला. जाळीची पोती फाटून माती ओघळली आहे आणि आत बकऱ्या चरतात. टोपीवाला यासीन आता शाळेत जातो, वर्गात शेवटच्या रांगेत बसतो असं त्याचा मास्तर सांगतो.

सनोबर खाला आपल्या सुनेजवळ राहते. गुडघे दुखतात, त्यामुळे मी गेलो की ती बसूनच बोलते, पण निघताना उठते. इद्रिस या वसंतातही इराणला गेलाय. तिच्या उंबऱ्यापाशी दोन झाऱ्या भरून ठेवलेल्या असतात. एकीचं बूड गळतं, म्हणून ती ताटलीत ठेवलेली असते.